अँथनी डेव्हिस सेंटर की पॉवर फॉरवर्ड, आणि डॅलसचा सौदा कुठे चुकला?

आपण विचारले आहे की अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधील अँथनी डेव्हिसला सेंटर (बास्केटखाली खेळणारा उंच खेळाडू) मानावे की पॉवर फॉरवर्ड (बास्केटपासून थोडा दूरही खेळणारा दुसरा उंच खेळाडू), आणि डॅलस मॅव्हरिक्स संघाने आपला प्रमुख खेळाडू लुका डॉन्चिच लेकर्स संघाला देऊन त्याला घेतले, ते निदान संघबांधणीच्या दृष्टीने तरी योग्य होते का. दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. पहिल्या प्रश्नापाशी मात्र मला थोडे थांबावे लागेल, कारण खेळाडूच्या जागेला दिलेल्या नावापायीच माझे स्वतःचे खेळणे संपले.

सातवीत असताना मी शाळेच्या संघात सर्वांत उंच होतो, म्हणून सरांनी मला बास्केटखाली उभे केले. तिथवर माझी तक्रार नाही. पण त्यांनी पेंटच्या (बास्केटसमोरच्या चौकटीच्या) बाहेर दोन पावलांवर खडूने एक रेघ ओढली आणि सेंटरने या रेघेपलीकडे ड्रिबल करायचे (चेंडू आपटत पुढे न्यायचा) नाही, असे बजावले. रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर परत आलेला चेंडू) मिळाला की चेंडू हनुवटीखाली धरायचा, दोन्ही कोपरे बाहेर काढायचे आणि गार्डने (चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूने) हात वर केला की चेंडू त्याच्याकडे सोपवायचा. ती रेघ सरावात बुटांनी पुसली जाई आणि दुसऱ्या दिवशी सर ती पुन्हा ओढत. वर्षभरानंतर त्यांनी ती ओढणे सोडले, कारण मी ती न पाहताही पाळू लागलो होतो.

दहावीनंतर माझी उंची सहा फूट एक इंचावर थांबली. महाविद्यालयाच्या निवड चाचणीत माझ्याहून उंच अशी तीन मुले होती, तेव्हा मला गार्ड म्हणून खेळायला सांगण्यात आले. पहिलाच रिबाउंड माझ्या हाती आला. समोरचे अर्धे कोर्ट मोकळे होते, आणि मी मात्र चेंडू हनुवटीखाली धरून, उजवीकडे वळून, हात वर केलेला गार्ड शोधत उभा राहिलो. मागून आलेल्या मुलाने चेंडू अलगद काढून नेला. यादी लागली तेव्हा तीत माझे नाव नव्हते.

डेव्हिसच्या बाबतीत नेमके उलट घडले. शाळेत तो गार्ड होता. मग थोड्याच काळात त्याची उंची सुमारे आठ इंचांनी वाढली आणि तो सहा फूट दहा इंचांचा झाला, पण चेंडू हाताळण्याची गार्डची सवय तशीच राहिली. म्हणूनच त्याच्याविषयीचा हा वाद इतकी वर्षे मिटत नाही. माझ्या मते खेळाडूची जागा दोनच गोष्टींवरून ठरवावी: तो प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणाला रोखतो, आणि चेंडू हातात नसताना कुठे उभा राहतो. या कसोटीवर डेव्हिस सेंटर आहे. २०२० साली लेकर्सने विजेतेपद मिळवले, त्या मोसमात तो बहुतेक वेळ दुसऱ्या उंच खेळाडूच्या जोडीने खेळत होता, हे खरे. पण मायामीविरुद्धच्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात प्रशिक्षकांनी सेंटर ड्वाइट हॉवर्डला बसवून गार्ड ॲलेक्स करूसोला सुरुवातीपासून उतरवले, डेव्हिसला सेंटर केले, आणि लेकर्सने तो सामना १०६–९३ असा जिंकून मालिका संपवली. स्वतः डेव्हिसला मात्र पॉवर फॉरवर्ड म्हणून खेळणे आवडते, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याने आपल्या जोडीला आणखी एक उंच खेळाडू हवा असे जाहीरपणे म्हटले होते.

पुढच्याच महिन्याच्या आरंभी डॅलसने डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ च्या नवोदितांच्या वार्षिक निवडीत पहिल्या फेरीत एक खेळाडू निवडण्याचा हक्क यांच्या बदल्यात पंचवीस वर्षांचा डॉन्चिच देऊन टाकला, तोही ज्याच्या बळावर संघ आदल्या जूनमध्ये अंतिम फेरीत पोहोचला होता तो खेळाडू. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की बचावाने विजेतेपदे मिळतात. पण बास्केटखाली उभे राहायला डॅनियल गॅफर्ड आणि डेरेक लाइव्हली आधीच होते. कमतरता पडली ती चेंडू पुढे नेणाऱ्याची. ते सारे ओझे एकट्या गार्ड कायरी अर्व्हिंगवर आले, आणि मार्चच्या आरंभी त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. पुढे केवळ १.८ टक्के शक्यता असताना नवोदितांच्या निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत पहिली निवड डॅलसला मिळाली, म्हणून कूपर फ्लॅग आला; पण सहा फूट नऊ इंचांच्या त्या नवख्या फॉरवर्डला मोसमाच्या सुरुवातीला पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेणारा मुख्य गार्ड) म्हणून खेळवावे लागले, यावरून त्या सौद्याने संघात केवढे भगदाड पाडले होते ते कळते.

माझा एक जुना मित्र, जो शाळेच्या संघात पॉइंट गार्ड होता, आजही या सौद्याची बाजू घेतो. उंच माणूस मिळतो तेव्हा घ्यावा, गार्ड घडवता येतात, असे त्याचे म्हणणे आहे. आणि सरांची रेघ योग्यच होती, कारण आंतरशालेय स्पर्धेचा अंतिम सामना आम्ही दोन गुणांनी जिंकला, हा त्याचा कायमचा पुरावा असतो. त्या सामन्याचे शेवटचे मिनिट मला लख्ख आठवते. त्याला दोघांनी कोपऱ्यात कोंडले होते. मी चार पावलांवर मोकळा उभा होतो आणि त्याने माझ्याकडे पाहिलेही. तरी त्याने पास दिला नाही, टाइम-आउट मागितला, कारण चेंडू मिळाल्यावर मी तो पुढे नेऊ शकणार नाही हे त्याला माहीत होते. आम्ही जिंकलो ते त्यांचा शेवटचा फटका रिंगला लागून बाहेर आला म्हणून. अर्व्हिंगवर दोघे धावून येत तेव्हा डॅलसचीही हीच गत होत होती, हे मी त्याला अनेकदा सांगितले आहे.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. डॅलसकडून पहिल्याच सामन्यात डेव्हिसने २६ गुण, १६ रिबाउंड आणि ३ ब्लॉक (अडवलेले फटके) अशी कामगिरी केली आणि त्याच सामन्यात तो जायबंदी झाला. तो आणि अर्व्हिंग दोघेही धडधाकट राहिले असते तर तो संघ अधिक काळ टिकला असता. तरीही सौदा चुकीचाच ठरला असता, असे मला वाटते, कारण दुसरा चेंडू हाताळणारा तेव्हाही नव्हता. आपण स्वतः कुठे मुलांना शिकवत असाल, तर संघातल्या सर्वांत उंच मुलाला रिबाउंड घेतल्यावर निदान सरावात तरी चेंडू स्वतः मधल्या रेषेपलीकडे नेऊ द्या. तो पाच-सहा वेळा चेंडू गमावील, तो गमावू द्या.