रुग्णाबद्दल खरा कळवळा असलेला इमर्जन्सी डॉक्टर कोण? माझं उत्तर: महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर

प्रश्न असा आहे: "मी बारावीत आहे, पुढे इमर्जन्सी मेडिसिन करायचं मनात आहे. रुग्णाविषयी खरोखर कळवळा असलेला आणि मागे काहीतरी टिकणारं काम उभं केलेला असा एखादा डॉक्टर सांगाल का? परदेशातले बरेच वाचले, आपल्याकडचा कोणी आहे का?"

आहे ना. आणि बारावीत आहेस म्हणून सरळ तू म्हणते, चालेल ना.

मी सांगतेय ते डॉ. हिंमतराव बावस्कर, महाड, जिल्हा रायगड. आता कोणी म्हणेल की ते तर एमडी मेडिसिन, इमर्जन्सीवाले कुठे? बरोबर आहे, पण आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिनला वेगळी शाखा म्हणून मान्यताच मुळी २००९ मध्ये मिळाली आणि हे गृहस्थ १९७६ पासून कोकणात रात्री-अपरात्री मरणाच्या दारातून माणसं ओढून काढत होते, तेव्हा पाटीवर काय लिहिलंय ते मी बघत नाही.

जन्म १९५१ चा, जालना जिल्ह्यातलं देहेड गाव. घरची अतिशय गरिबी, शाळा शिकता शिकता मिळेल ते काम करायचं, असं करत करत नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस. तिथून थेट महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. मराठवाड्यातला मुलगा, कोकणातला पाऊस, डोंगरातल्या वाड्या, आणि मुंबई म्हणशील तर दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर. १०८ ची अॅम्ब्युलन्स महाराष्ट्रात २०१४ ला आली, म्हणजे तेव्हा पेशंट यायचा तो खांद्यावरून नाहीतर डोलीतून, जमलंच तर एसटीने.

आणि यायचं काय, तर विंचू चावलेली माणसं. कोकणातला लाल विंचू दिसायला लहान असतो पण त्याच्यासारखा वाईट विंचू जगात थोडाच असेल. भाताचा पेंढा उचलताना, लाकडं काढताना, कौलं शाकारताना, अंथरुणात, चपलेत, कुठेही. पोरं तर सर्रास. गावात आधी भगताकडे न्यायचे, विंचू उतरवायचे, आणि मग पोर गार पडायला लागलं की पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे तरी काय होतं? अँटीहिस्टामिन, स्टिरॉइड, कोणी अॅट्रोपिन द्यायचं, आणि तरीही पेशंट काही तासांत धापा टाकायला लागायचा, तोंडातून गुलाबी फेस यायचा आणि पेशंट जायचा. उपचार करूनही गंभीर पेशंटपैकी साधारण ३० टक्के दगावायचे असे त्या काळातले आकडे आहेत. लोकांना वाटायचं विंचवाचं विष लागलं, नशीब. डॉक्टरांनाही जवळपास तसंच वाटायचं, म्हणजे तोंडाने कोणी म्हणत नसे एवढंच.

मला बावस्करांचं मोठेपण वाटतं ते इथे. एमबीबीएस झालेला तरुण मेडिकल ऑफिसर, हाताशी ईसीजी असला तर नशीब, आयसीयू वगैरे विषयच नाही, पण त्यांनी एक केलं, पेशंटच्या खाटेशी बसून राहिले. रात्रभर. चावल्यावर किती वेळाने उलटी झाली, घाम कधी फुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी काय, बीपी काय, फुप्फुसात पाणी कधी ऐकू यायला लागलं, सगळं लिहून काढायचं, पुढच्या पेशंटला परत तेच. त्यातून त्यांच्या लक्षात आलं की उलटी, दरदरून घाम, गार हातपाय आणि पुरुष किंवा मुलगा असेल तर लिंगाला ताठरता, ही लक्षणं दिसली की पुढे हृदयाचा त्रास होणार याची ती आगाऊ सूचना असते, म्हणजे हातात थोडा वेळ असतो. हे त्यांनी १९८२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. एकट्याच्या नावावर. तुला लॅन्सेट म्हणजे काय ते माहीत नसेल तर एवढं समज की मोठमोठ्या मेडिकल कॉलेजातले प्रोफेसर आयुष्यभर तिथे एक पेपर यावा म्हणून धडपडतात.

हृदयाचा त्रास का, तेही थोडं सांगते कारण तुला बायोलॉजी आहे आणि हे समजलं की पुढचं सगळं समजतं. लाल विंचवाचं विष नसांमधल्या सोडियम चॅनलवर काम करतं, ते चॅनल वेळेवर बंद होत नाहीत, त्यामुळे नसा सतत संदेश सोडत राहतात आणि शरीरात अॅड्रिनॅलिन, नॉरअॅड्रिनॅलिनचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, बीपी चढतं, हातापायांकडे रक्तच जात नाही म्हणून ते गार. नळ पूर्ण सोडून पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून धरावं तशी हृदयाची अवस्था होते, ते या दाबाविरुद्ध ढकलत राहतं, थकतं आणि मग रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. तो गुलाबी फेस म्हणजे हेच. आता यात अॅट्रोपिन दिलं तर हृदयाची गती आणखी वाढणार, म्हणजे आगीत तेल, हे पुढे त्यांनीच दाखवून दिलं.

मधल्या काळात ते पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एमडी झाले. एमडी झालेला माणूस शहरात राहतो, यात मी कोणाला दोष देत नाही, मुलांच्या शाळा असतात, आईवडील असतात, सगळ्यांचीच कारणं खरी असतात. हे मात्र परत महाडकडेच आले, कारण विंचू तिथे होते. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड नावाचं औषध वापरून बघितलं, ते रक्तवाहिन्या सैल करतं आणि गुण येतो पण ते सलाइनमधून थेंबाथेंबाने द्यायचं आणि बीपी सारखं मोजत बसायचं, वाडीवरच्या दवाखान्यात ते कोण करणार? मग त्यांनी विचार केला की आवळलेल्या वाहिन्या ज्या अल्फा रिसेप्टरमुळे (वाहिनीवरची अॅड्रिनॅलिनचा निरोप घेणारी जागा) आवळल्यात तोच अडवला तर? त्यासाठी प्राझोसिन ही बीपीची गोळी आधीपासून बाजारात होतीच, स्वस्त, तोंडाने घ्यायची. १९८६ मध्ये त्यांचा आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनवरचा पेपर लॅन्सेटमध्येच आला. प्रमोदिनीताईंचं नाव इथे मुद्दाम घेतेय, कारण बातम्यांमध्ये बहुतेक वेळा एकट्या डॉक्टरसाहेबांचा फोटो असतो आणि पेपर काढून बघितले तर कितीतरी पेपरवर दोघांची नावं आहेत.

त्यानंतर जिथे ही गोळी वेळेवर पोचली तिथे मृत्यूचं प्रमाण तीन-चार टक्क्यांच्या खाली आलं. ३० वरून इथपर्यंत! नवं औषध नाही, नवं मशीन नाही, कुठल्याही मेडिकलच्या दुकानात मिळणारी गोळी.

मी स्वतः कोकणातल्या एका पीएचसीला मेडिकल ऑफिसर होते, तिथे हे वापरलंय म्हणून एवढ्या जोरात सांगतेय. रात्री अकराच्या पुढे एक बाप सहा-सात वर्षांच्या मुलाला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये धरून घेऊन आला, मागे मुलाचा मामा. पोराचा शर्ट घामाने निथळत होता, दोनदा उलटी झालेली, हातपाय गार, नाडी पळतेय. मी एमबीबीएस होऊन फार दिवस झाले नव्हते, पण मला घाबरायला वेळ मिळाला नाही कारण काय करायचं ते ठरलेलं होतं, भिंतीवर चार्ट होता, ड्रॉवरमध्ये गोळी होती. वजनाप्रमाणे डोस, मुलाला आडवंच ठेवायचं, उठून बसू द्यायचं नाही कारण या गोळीने बीपी एकदम पडू शकतं, तोंडाने पाणी चालू ठेवायचं, दर अर्ध्या तासाने नाडी-बीपी-श्वास, तीन तासांनी परत गोळी. सिस्टर आणि मी आळीपाळीने पाय चाचपून बघत होतो, कारण पाय कोमट व्हायला लागले की समजायचं गाडी रुळावर येतेय. पहाटेच्या सुमाराला पाय कोमट झाले आणि पोराने खायला मागितलं. त्या बापाला बावस्कर हे नाव माहीत नव्हतं, त्याने माझेच आभार मानले आणि मी त्याला सांगितलं की हे औषध इथल्याच एका डॉक्टरांनी शोधून काढलंय, महाडच्या.

लेगसी, म्हणजे मागे टिकणारं काम म्हणतात ते मला तरी असंच समजतं, की जिथे तो डॉक्टर कधी गेलेलाच नाही तिथे रात्रीच्या ड्यूटीवरच्या नवख्या पोरीच्या हातात तो उपाय असतो.

बरं, प्राझोसिनवर ते थांबले असते तरी चाललं असतं. पण प्राझोसिन विषाचे परिणाम अडवतं, विष तसंच राहतं, हे त्यांना माहीत होतं. म्हणून विंचवाची प्रतिविषाची लस (विषच निकामी करणारं इंजेक्शन) मिळायला लागल्यावर त्यांनी महाडलाच रीतसर ट्रायल केली, ७० पेशंट, निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन अधिक लस. २०११ मध्ये बीएमजेत, म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. लस आणि गोळी दोन्ही मिळालेले सरासरी ८ तासांत बरे झाले, नुसत्या गोळीवाल्यांना साधारण १८ तास लागले. म्हणजे ज्या उपचाराने त्यांचं नाव जगभर झालं त्यापेक्षा चांगलं काहीतरी आहे का हे त्यांनीच तपासलं, आणि आहे असं छापूनही टाकलं. याला फार मोठं मन लागतं गं (किंवा रे, नावावरून कळलं नाही), स्वतःच्या शोधाला चिकटून बसलेले कितीतरी लोक वैद्यकात आहेत.

सर्पदंशावरही त्यांचं काम आहे, विशेषतः मण्यार. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही, आणि पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणत उठतो, मग पापण्या मिटायला लागतात. हे माहीत नसलेला डॉक्टर अॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवेल. मण्यार आणि नागाच्या विषबाधेत खेड्यातल्या साधनांवर काय काय करता येतं हे त्यांनी सविस्तर लिहिलंय.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांपूर्वी त्यांनी एका पेशंटला एमआरआयसाठी पाठवलं, तर त्या सेंटरकडून त्यांच्या नावाने १२०० रुपयांचा चेक आला, पेशंट पाठवल्याबद्दल. आपल्याकडे याला कट म्हणतात आणि हे किती सरसकट चालतं ते मेडिकलला गेलीस-गेलास की पहिल्या दोन वर्षांत कळेल. त्यांनी तो चेक गुपचूप परत केला नाही, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली आणि त्यावर जाहीरपणे बोलले. त्याने कट प्रॅक्टिस बंद झाली असं मी म्हणणार नाही, झालेली नाही. पण मला हे विंचवाच्या कामापासून वेगळं वाटत नाही, कारण तो चेक शेवटी पेशंटच्याच खिशातून आलेला असतो, आणि ज्याने पेशंटच्या खाटेशी रात्री काढल्यात त्याला ते पैसे कुठून आले हे दिसल्याशिवाय कसं राहील.

२०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लॅन्सेटमधल्या पहिल्या पेपरला तेव्हा ४० वर्षं झाली होती, यावर काय बोलायचं.

आता तुझ्या प्रश्नाचा खरा भाग, म्हणजे इमर्जन्सी मेडिसिन करू का. कर, जरूर कर. आता एमडी इमर्जन्सी मेडिसिनच्या जागा आहेत, आपल्याला माणसं हवीच आहेत. फक्त एक सुचवते, एमबीबीएसनंतर ग्रामीण सेवेचा बॉण्ड पैसे भरून सोडवू नकोस. पूर्ण कर, आणि शक्यतो अशा पीएचसीत जा जिथून जिल्हा रुग्णालय लांब आहे. तिथे एक वही ठेव. तुझ्या भागात माणसं कशाने मरतायत ते बघ, कुठे विंचू असेल, कुठे साप, कुठे कीटकनाशक, कुठे हायवेचे अपघात, आणि प्रत्येक पेशंटची वेळ घालून नोंद कर, आधी तुला स्वतःलाच काही कळणार नाही, पन्नास-साठ नोंदी झाल्या की दिसायला लागतं.

आणि हे वाचणारे जे कोकणात, घाटमाथ्यावर राहतात त्यांच्यासाठी: विंचू चावला आणि घाम, उलटी, गार हातपाय यातलं काहीही दिसलं, विशेषतः लहान मुलात, तर भगताकडे, उताऱ्याकडे एक मिनिट घालवू नका. कापू नका, आवळून बांधू नका, घरातली बीपीची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका, डोस वजनावर असतो आणि बीपी मोजावं लागतं. १०८ ला फोन करा नाहीतर मिळेल त्या गाडीने जवळच्या पीएचसीत किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या. आणि पावसाळ्याआधी एकदा सहज जाऊन तिथल्या फार्मासिस्टला विचारून या की प्राझोसिन आणि विंचवाची लस स्टॉकमध्ये आहे का. नसेल तर ग्रामसभेत विषय घ्या, मेडिकल ऑफिसरला त्याचा राग येणार नाही, उलट मागणीपत्र पुढे ढकलायला त्याला मदतच होते, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते.