हनुवटीवरील पुटकुळ्या आणि जेवणाचे भांडे

प्रश्न : आमचा बॉक्सर जातीचा कुत्रा ८ महिन्यांचा आहे. महिनाभरापासून त्याच्या हनुवटीवर आणि खालच्या ओठाच्या कडेला लालसर पुटकुळ्या येत आहेत. दोन-तीन फुटून त्यांतून रक्तमिश्रित पूही आला. तो पिल्लू असल्यापासून प्लास्टिकच्या भांड्यात जेवतो आणि त्या भांड्यामुळेच हे झाले, असे शेजारी म्हणतात. सासूबाई हळद-तेल लावायला सांगतात. घरात खाजेवरचे एक मलमही आहे. यांपैकी काय लावावे आणि भांडे कोणते घ्यावे? घरात ४ वर्षांची मुलगी आहे, म्हणून काळजी वाटते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भांडे अवश्य बदलावे, परंतु भांडे बदलले म्हणजे उपचार झाला, असे मात्र समजू नये. बॉक्सर, डॉबरमन, बुलडॉग, ग्रेट डेन, रॉटवायलर अशा आखूड व राठ केसांच्या जातींमध्ये वयाच्या पहिल्या वर्षात हा त्रास नेहमी दिसतो. याला आपण मुरुमे म्हणत असलो, तरी माणसाच्या तारुण्यपीटिकांशी याचे साम्य वरवरचे आहे. कुत्रा हनुवटी जमिनीवर, पायपुसण्यावर किंवा खेळण्यावर घासतो, तेव्हा तिथले ताठ केस तुटून त्वचेच्या आत शिरतात. शरीर त्या तुकड्यांना काट्याकुसळासारखे परके मानते, तिथे सूज येते आणि त्वचेवर एरवी निमूटपणे राहणारे जिवाणू संधी साधून पू निर्माण करतात. म्हणूनच पुटकुळी पिळू नये. पिळल्याने केसाचे मूळ आतल्या आत फुटते आणि वरवरची जखम खोल जाते.

घरातल्या मलमाबद्दल थोडे स्पष्ट लिहितो, कारण खरा धोका तिथे आहे. खाजेवरच्या अनेक मलमांत स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असते. डेमोडेक्स नावाची सूक्ष्म कीड केसांच्या मुळाशी वाढली, तरी हनुवटीवर अगदी असेच पुरळ दिसते आणि स्टेरॉइडमुळे ती कीड अधिकच फोफावते. त्यामुळे निदानापूर्वी ते मलम लावू नये. पशुवैद्यक त्वचा हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील; ही तपासणी स्वस्त आहे आणि थोड्या वेळात होते. कुत्र्याचा डेमोडेक्स माणसाला लागत नाही, गजकर्ण मात्र लागते. तेव्हा तेही नाही ना, याची खात्री होईपर्यंत मुलीला कुत्र्याच्या तोंडाला तोंड लावू देऊ नये. हळद-तेलाने मोठा अपाय होणार नाही, पण चिकटलेल्या तेलावर धूळ आणि अन्नकण बसतात, आणि कुत्रा ते सारे जमिनीला पुसून काढतो. म्हणजे पुन्हा घासणे आलेच.

सौम्य त्रासात क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या द्रावणाने किंवा पशुवैद्यकीय वाइप्सने हनुवटी टिपणे बहुधा पुरते. बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांवरचे औषधही वापरतात, मात्र पशुवैद्यकांनी सांगितलेल्या सौम्य प्रमाणातच. माणसांसाठीचे तीव्र जेल कुत्र्याची त्वचा भाजल्यासारखी करते, शिवाय त्याने चादरींचा रंग उडतो. आपल्या कुत्र्याला रक्तमिश्रित पू येत असल्याने संसर्ग खोल गेलेला असण्याची शक्यता आहे, आणि तसे असल्यास प्रतिजैविकाच्या गोळ्या काही आठवडे द्याव्या लागतात. हनुवटी चांगली दिसू लागली म्हणून त्या मध्येच बंद करू नयेत.

आता भांड्याविषयी. प्लास्टिकला ओरखडे लवकर पडतात, त्यांत लाळ आणि स्निग्धांश अडकून जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो आणि तो नुसत्या पाण्याने निघत नाही. काही थोड्या कुत्र्यांना प्लास्टिक किंवा रबराची ॲलर्जीही असते. तशी ॲलर्जी नसलेल्या कुत्र्याबाबत भांडे हे दुखण्यात भर घालणारे कारण ठरते, मूळ कारण क्वचितच.

माझी पसंती साध्या स्टेनलेस स्टीलच्या जड, पसरट वाडग्याला आहे. भांड्यावर ‘३०४’ हा आकडा असल्यास त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते व ते सहसा गंजत नाही. दुकानात लोहचुंबक लावून पाहण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण स्वस्त ‘२०२’ दर्जाच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे त्यावरून दोहोंतला फरक कळत नाही. तळाला रबरी कडे असेल, तर ते निघते का, हे आधी पाहावे. सगळी घाण त्याच खाचेत साठते. चिनी मातीचे भांडे चालेल, पण अन्नासाठी सुरक्षित झिलईचे हवे. टवका उडाला, की ते बाद करावे. बिनकल्हईच्या पितळेत किंवा तांब्यात दही-ताक देऊ नये. कच्च्या मातीचे भांडे सच्छिद्र असल्याने या दुखण्यात टाळलेलेच बरे.

स्टीलसुद्धा रोज घासले, तरच उपयोग. जेवणाचे भांडे प्रत्येक वेळी आणि पाण्याचे दिवसातून एकदा, साबण व कोमट पाण्याने, मऊ घासणीने धुवावे. तारेच्या घासणीने स्टीललाही ओरखडे पडतात. पाण्याचे भांडे विसळून पुन्हा भरण्याची सवय घरोघरी दिसते, तीही मोडावी. जेवणानंतर हनुवटी ओल्या कापडाने टिपून कोरडी करावी; टिपावी, घासू नये.