वाचकांचे प्रश्न : गोचीड, काळी खपली आणि न उतरणारा ताप

प्रश्न : हरिहरगडावरून आल्यावर मांडीला गोचीड चिकटलेला दिसला. घरचे म्हणतात रॉकेल लाव. शिवाय इंटरनेटवर लाइम आजाराविषयी वाचून धास्ती बसली आहे. रक्त तपासून घ्यावे का? – एक वाचक, सातपूर

उत्तर : रॉकेल, तेल, चुना, पेटती काडी यांपैकी काहीही नको. डिवचलेला गोचीड जखमेत लाळ सोडतो आणि रोगजंतू त्या लाळेतूनच शिरतात. बारीक टोकाच्या चिमट्याने त्याला कातडीच्या अगदी लगत, तोंडाशी धरा. फुगलेले पोट दाबू नका. सरळ वर, सारख्या जोराने ओढा. झटका किंवा पीळ देऊ नका. तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर सुईने उकरू नका, तो आपोआप बाहेर पडतो. जागा साबणाने धुऊन स्पिरिट लावा. गोचीड नखाने चिरडण्याऐवजी स्पिरिट असलेल्या छोट्या बाटलीत टाका आणि वर तारीख लिहा. काख, जांघ, गुडघ्यामागचा भाग, कानामागे आणि केसांतही शोधा.

लाइमचे जंतू इक्सोडिस गटातल्या गोचिडांमधून पसरतात. हा आजार मुख्यतः अमेरिका-युरोपातला. भारतात त्याचे तुरळक रुग्ण नोंदले गेले आहेत. चावल्याबरोबर केलेल्या रक्ततपासणीतून काहीच कळत नाही, कारण प्रतिपिंडे (जंतूंविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने) तयार व्हायला काही आठवडे जातात. अमेरिका-युरोपातून परतलेल्या कुणाला चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत लाल चट्टा उठून तो पसरत ५ सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर डॉक्टर तो पाहूनच उपचार सुरू करतात. तुम्ही मात्र पुढचे तीन आठवडे तापाकडे लक्ष ठेवा. ताप आलाच तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात गोचिडाचे सांगा.

प्रश्न : भाद्रपदात आईला आठ दिवस ताप होता. डेंग्यू, मलेरिया निगेटिव्ह, विडाल (टायफॉइडसाठीची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह. टायफॉइड म्हणून इंजेक्शने झाली, ताप उतरेना. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांना काखेत काळी खपली दिसली, त्यांनी साध्या गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांत ताप गेला. आधी का कळले नाही? – एक वाचक, त्र्यंबकेश्वर तालुका

उत्तर : वर्णनावरून हा स्क्रब टायफस दिसतो. तो गोचिडाने नव्हे, तर गवत-झुडपांतल्या माइट नावाच्या किड्यांच्या अतिसूक्ष्म अळ्या चावल्याने होतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवत माजते तेव्हा रुग्ण वाढतात. चावल्यापासून साधारण ६ ते २१ दिवसांनी ताप, जबर डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. खपली सिगारेटच्या चटक्यासारखी काळी, कडेने लालसर असते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण स्वतः सांगत नाही. काख, जांघ, स्तनाखालचा भाग, परकराची नाडी बसते ती कंबर – एवढ्या जागा उजेडात पाहिल्याशिवाय ती सापडत नाही. सगळ्यांना खपली येतेच असेही नाही.

प्लेटलेट यातही घटतात, यकृताचे आकडे वाढतात. म्हणून पहिला संशय डेंग्यूचा येतो. विडाल जुन्या संसर्गामुळेही पॉझिटिव्ह येते, एकट्या विडालवर टायफॉइड ठरवणे चूकच. आणि टायफॉइडवर चालणारे सेफ्ट्रियाक्झोन हे प्रतिजैविक इथे निरुपयोगी आहे, कारण हे जंतू आपल्या पेशींच्या आत राहतात. स्क्रब टायफसची आयजीएम एलायझा ही रक्तचाचणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, वेल-फेलिक्स ही दुसरी रक्तचाचणी त्याहून कच्ची. म्हणून संशय बळकट असेल तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांनी उपचार सुरू करावेत. उशीर झाला की फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर परिणाम होतो आणि जीवही जातो.

औषध डॉक्सिसायक्लिन. प्रौढांना सहसा १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस; ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नये. गोळी जेवणानंतर ग्लासभर पाण्यासोबत घ्यावी आणि अर्धा तास आडवे होऊ नये, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून व्रण करते. दूध, अँटासिड, लोहाच्या गोळ्या दोन तास लांब ठेवाव्यात. गरोदरपणी सहसा अझिथ्रोमायसिन देतात. ४८ तासांत ताप हटला नाही तर निदान पुन्हा तपासायला हवे. दम लागणे, बरळणे, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नका, रुग्णाला दाखल करा.

प्रश्न : घरच्या कुत्र्याला गोचीड झाले आहेत. मुलांना धोका आहे का? – एक वाचक, मखमलाबाद

उत्तर : आहे. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडापासून इंडियन टिक टायफस होतो. ताप, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उठणारे पुरळ तळहात-तळपायांवरही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यातही औषध डॉक्सिसायक्लिनच. मुलांचे दात पिवळे पडतील म्हणून पालक घाबरतात, पण या आजारात वजनानुसार दिलेल्या थोड्या दिवसांच्या औषधाने तसे होत नाही.

कुत्र्याला नुसती अंघोळ घालून भागत नाही. मादी भिंतीच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत हजारो अंडी घालते. पशुवैद्यांकडून वजनाप्रमाणे गोळी किंवा मानेवर टाकायचे औषध घ्या, भेगा सिमेंटने बुजवा, कुत्र्याचे अंथरूण कढत पाण्यात धुवा. घरात मांजर असेल तर कुत्र्याचे परमेथ्रिन या कीटकनाशकाचे औषध तिला लागू देऊ नका, त्याने ती मरू शकते.

प्रश्न : माकडताप नाशकात येईल का? – एक वाचक, इगतपुरी

उत्तर : माकडताप हा गोचिडांतून पसरणारा विषाणूचा आजार. हा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडला. महाराष्ट्रात त्याचे रुग्ण सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात आढळले आहेत. त्यावर प्रतिजैविक चालत नाही. तिकडच्या जंगलात जाऊन आला असाल आणि ताप आला, तर डॉक्टरांना गावाचे नाव सांगा. मेलेले माकड दिसले तर हात लावू नका, वन खात्याला कळवा.