राजीनाम्याआधी हा हिशेब मांड
नोकरी सोडून फ्रीलान्सिंग, म्हणजे स्वतंत्रपणे कामं घेणं, सुरू करायचं असेल तर आधी कामाचे दिवस मोज. आठवड्याचे ५ दिवस धरले तर वर्षाचे २६०. त्यातून सुट्ट्या, आजारपण, कामं शोधणं, बिलांसाठी तगादा लावणं वजा कर. उरतील त्याच दिवसांचे पैसे मिळतात. म्हणून महिन्याच्या पगाराला २२ ने भागून रोजचा दर काढू नकोस. नवखे तिथेच फसतात. मीही फसलो. पहिल्याच क्लायंटने ‘एवढं जरा बघा ना’ म्हणत म्हणत लोगोचे ११ नमुने करून घेतले, कारण फेरबदल किती ते करारात लिहिलंच नव्हतं! आता २ लिहितो, तिसऱ्याचे वेगळे पैसे. आणि आगाऊ रक्कम खात्यात पडल्याशिवाय फाइल उघडत नाही. तू आधी सुट्टीच्या दिवशी एखादं छोटं काम करून त्याचं बिल वसूल करून बघ. नोकरीच्या करारात बाहेरचं काम चालतं का, तेवढं मात्र तपास.