चव्हाणसाहेबांचा ‘हो’

प्रश्न : नमस्कार सर, आमचे आजोबा नेहमी सांगायचे की ६५ च्या लढाईत संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी विमानं पाठवायला उभ्या उभ्या परवानगी दिली. परवा जेवताना हा विषय निघाला तर पुतण्या म्हणतो, काका, कॅबिनेटला न विचारता एवढा निर्णय घेणं म्हणजे धाडस नाही, जुगार आहे. मला काही बोलता आलं नाही. खरंच असं झालं होतं का, आणि बरोबर कोण?
– एक वाचक, कराड

उत्तर : आजोबांचं खरं आहे. आणि पुतण्याचा मुद्दाही झटकून टाकण्यासारखा नाही बरं का.

त्या दिवशीचं घड्याळ बघा, म्हणजे कळेल. १ सप्टेंबर १९६५, पहाटेच पाकिस्ताननं जम्मूकडच्या छांबमध्ये पॅटन रणगाडे घुसवले. त्यांना हवा होता अखनूरचा चिनाबवरचा पूल, कारण तो गेला की राजौरी-पूंछकडच्या आपल्या फौजेची रसदच तुटते. तिथे आपल्याकडे काय, तर फ्रेंच बनावटीचे थोडे हलके रणगाडे. दुपारी चारच्या सुमाराला लष्करप्रमुख चौधरी आणि हवाईदलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांसमोर बसलेत, विमानं मागतायत, आणि चव्हाणसाहेबांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. ५ वाजून १९ मिनिटांनी पठाणकोटहून पहिली व्हॅम्पायर विमानं उडाली. दिवस मावळायला फार तर दीड तास उरला होता, म्हणजे फाइल आधी कॅबिनेटला गेली असती तर विमानं दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरच निघाली असती, आणि तोवर पुलाचं काय झालं असतं कोण जाणे.

आता जुगाराचं. हा माणूस त्या खुर्चीवर कधी आला ते पुतण्याला विचारा. २१ नोव्हेंबर १९६२, चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली तोच दिवस. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला वगैरे आपण कौतुकानं म्हणतो, पण सह्याद्री पोचला तेव्हा मार खाऊन झाला होता हो! आणि मार का खाल्ला? १२ ऑक्टोबरला नेहरू श्रीलंकेला जाता जाता सांगून गेले की आपली भूमी मोकळी करायचे आदेश दिलेत, आणि तिकडे ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीकाठी आपले जवान सुती कपड्यांत, पाऊचमधल्या मोजक्या काडतुसांवर. विमानं फक्त सामान टाकायला, लढाऊ विमानं जमिनीवरच, का तर चीननं कलकत्त्यावर बॉम्ब टाकले तर काय. शब्द मोठा दिला आणि हात आखडता ठेवला. मला तर जुगार हा वाटतो. हे सगळं निस्तरायलाच ज्याला बोलावलं त्यानं तीन वर्षांनी पटकन हो म्हटलं, तर ती घाई नव्हती, तीन वर्षं मनात घोळलेलं उत्तर होतं असं आपलं मला वाटतं.

आणि खरी परीक्षा हो म्हटल्यावर होती. त्याच संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर पडली. विमानं जुनाट होती, पाकिस्तानच्या सेबर विमानांसमोर टिकणारी नव्हतीच. अशा वेळी ‘कुणी सांगितलं होतं पाठवायला’ सुरू व्हायला वेळ लागत नाही, पण चव्हाण मागे सरले नाहीत, शास्त्रीजी त्यांच्या पाठीशी राहिले, व्हॅम्पायर आघाडीवरून काढून दुसरी विमानं पुढे आणली, ३ तारखेला आपल्या छोट्या नॅट विमानांनी सेबरला टक्कर दिली, आणि ६ तारखेला थेट लाहोरच्या दिशेनं आंतरराष्ट्रीय सीमाच ओलांडली, मग छांबमधला जोर आपोआप कमी झाला.

म्हणून चव्हाणांना लगेच देव्हाऱ्यात बसवू नका. याच लढाईत आरमाराला मात्र सरकारनं पोरबंदरच्या उत्तरेला जायची मनाई केली होती, आणि ७-८ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजं द्वारकेवर तोफा डागून निघून गेली. आभाळात पूर्ण हो आणि समुद्रात अर्धा. आरमाराला हे इतकं झोंबलं की ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री त्यांच्या मिसाइल बोटी कराचीपर्यंत जाऊन आल्या. पुतण्याला पुढच्या वेळी भांडायचंच असेल तर या द्वारकेवरून भांडायला सांगा, तिथे मी त्याच्या बाजूनं आहे.