‘देवासमोर आपण नवरा-बायकोच’ म्हणतो आणि पाटल्या गहाण ठेवायला सांगतो

बाय, तुझा मेल रात्री वाचला आणि सकाळी कोर्टात जायच्या आधी परत वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. मुलगी 27 वर्षांची, वसईकडची कॅथलिक, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी. मुलगा आयर्लंडला, डब्लिनजवळ. मॅट्रिमोनी साइटवर ओळख, दोन वर्षं रोज व्हिडिओ कॉल, प्रत्यक्ष भेट एकदाच, नाताळच्या सुट्टीतले बारा दिवस, त्यातच घरच्या घरी साखरपुडा, फादरनी अंगठ्यांना आशीर्वाद दिला. तेव्हापासून मुलीने नऊ वेळा मिळून 4,85,000 रुपये दिलेत, आधी परमिटची फी, मग भाड्याच्या घराचं डिपॉझिट, मग कार्ड ब्लॉक झालं. आता आईच्या पाटल्या गहाण ठेवून अजून तीन लाख दे म्हणतोय. मधल्या काळात ‘देवासमोर आपण नवरा-बायकोच आहोत’ असं म्हणत कॉलवर नको ते करायचा हट्ट, एकदा हिने ऐकलं, त्याचे स्क्रीनशॉट त्याने काढले, आणि मागच्या आठवड्यात हिने पैशाला नाही म्हटल्यावर ‘फोटो आहेत माझ्याकडे, विसरू नको’ असा मेसेज. प्रार्थना ग्रुपमधल्या एक ताई म्हणतात की होणाऱ्या नवऱ्यालाच दिलेत ना, माफ कर, ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला कोर्टात नेऊ नये.

पहिलं म्हणजे पाटल्या आईच्या कपाटातच राहू देत. गोल्ड लोन घेतलंस तर बँकेसाठी कर्जदार तूच किंवा आई, तो डब्लिनवाला त्या कागदावर कुठेच नसतो, हप्ते थकले की नोटीस तुमच्या दारात आणि मग लिलाव. जामीन राहण्याबद्दल नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात काय लिहिलंय ते त्या ताईंना वाचायला सांग, तिथे तर पारध्याच्या हातातून हरणाने सुटावं तशी सुटका करून घे म्हटलंय.

आता ‘देवासमोर नवरा-बायको’. नाही आहात. देशाच्या कायद्यासमोर नाही आणि चर्चच्या कायद्यासमोरही नाही. आपलं लग्न 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली येतं आणि साखरपुड्याने त्यात कसलाच दर्जा मिळत नाही. चर्चचं बघायचं तर कॅनन 1062, म्हणजे चर्चच्या कायद्याचं ते कलम, वाच, फादरांकडे पुस्तक असतंच. लग्नाचं वचन दिलं म्हणून लग्न लावून द्या असा दावा कोणी करू शकत नाही, पण वचनामुळे नुकसान झालं असेल तर भरपाई मागता येते, असं चर्चच म्हणतं. म्हणजे तो अंगठीच्या जोरावर तुझ्याकडून काही मागू शकत नाही, ना पैसे ना ते दुसरं, आणि तू मात्र झालेलं नुकसान मागू शकतेस. मला तर या दोन मागण्या वेगळ्या वाटतच नाहीत. नवऱ्याचे हक्क त्याला आत्ता पाहिजेत आणि नवऱ्याची जबाबदारी लग्नानंतर, तेही त्याच्या सोयीने.

तू विचारलंयस की कॉलवर जे झालं त्यामुळे तूच गुन्हेगार ठरशील का. नाही गं. ते पाप की काय ते तू आणि तुझे फादर बघा, माझ्या टेबलावर तू तक्रारदार आहेस. मोहात दोघं होतात पण स्क्रीनशॉट काढून ठेवणारा एकच होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये तर स्पष्टच आहे, बाईने फोटो काढायला संमती दिली असली तरी तो दुसऱ्याला दाखवायला दिली नसेल तर तो पसरवणं गुन्हा आहे, आणि तुझ्या केसमध्ये काढायलाही तू हो म्हटलेलं नाहीस. फोटोची भीती घालून पैसे काढणं म्हणजे खंडणी, कलम 308, सात वर्षांपर्यंत शिक्षा. सोबत आयटी कायद्याचं 66ई, संमतीशिवाय असे खाजगी फोटो काढण्या-पसरवण्याबद्दलचं. तो परदेशात असला तरी भारतीय नागरिक आहे, हे कायदे त्याच्या मागे तिकडेही जातात, खटला चालवायला केंद्र सरकारची परवानगी लागते पण गुन्हा इथे नोंदवता येतो.

आणि त्याला बहुतेक माहीत नसेल, आयर्लंडचा कायदा याबाबतीत आपल्याहून कडक आहे. 2020 साली तिकडे जो कायदा झाला, लोक त्याला कोकोज लॉ म्हणतात, त्यात असे फोटो पसरवणंच नाही तर त्रास द्यायच्या हेतूने पसरवायची नुसती धमकी देणंही गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत. वर्क परमिटवर राहणाऱ्या माणसाच्या नावाने तिकडच्या पोलिसांकडे, गार्डांकडे, अशी तक्रार गेली तर काय होईल ते त्याला समजावायला वकील लागत नाही.

आता पैसे. इथे मी तुला खोटी आशा लावणार नाही. तू पाठवलेलं बँक स्टेटमेंट मी रिमार्कच्या कॉलमसकट बघितलं. नऊपैकी तीन एंट्रींसमोर ‘लोन’ आहे, चार रिकाम्या, आणि दोनसमोर तू ‘फॉर अवर होम’ लिहून हार्ट टाकलंयस. ती दोन हार्टवाली, साधारण नव्वद हजारांची, त्याचा वकील हमखास गिफ्ट म्हणून दाखवणार आणि एकदा देऊन झालेलं गिफ्ट परत मागणं फार अवघड. बाकीच्यांसाठी मला तुझ्या चॅटमधला तो एक मेसेज सोन्याहून महाग वाटतो, ‘मार्चपर्यंत सगळे परत करतो, प्रॉमिस’. सगळे, असं तो स्वतः म्हणतोय. उसने पैसे परत मागायला मुदत तीन वर्षांची आणि ती प्रत्येक रक्कम दिल्याच्या तारखेपासून वेगवेगळी मोजायची, तुझी पहिली फेब्रुवारी 2024 ची आहे म्हणजे फेब्रुवारी 2027 मधली तीच तारीख उलटू द्यायची नाही, ‘नाताळला येईल तेव्हा बोलू’ करत करत लोकांच्या मुदती जातात हे मी चोवीस वर्षं बघतेय.

फसवणुकीची केस होईल का, कलम 318 ची? तिथे पहिल्यापासूनच त्याचा इरादा खोटा होता हे दाखवावं लागतं. नुसतं नातं फिसकटलं किंवा माणूस कंगाल निघाला तर ती फसवणूक नाही, आणि पोलीस स्टेशनला पहिलं वाक्य हेच ऐकायला मिळतं, ‘मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे’. तसं म्हणाले तर धमकीचा मेसेज पुढे कर, तो सिव्हिल नाहीये. आणि एक गोष्ट तू मेलमध्ये सहज लिहून गेलीस, त्याच्या आईने व्हॉइस नोट पाठवलीय की ‘मुलगी कमावते, तिकडे सेटल व्हायला तिने तीन लाख दिले तर लग्न मे महिन्यात, नाहीतर पुढच्या वर्षी बघू’. याला मराठीत हुंडा म्हणतात. आपल्यात हुंडा नसतो असं आपण वसईत छाती फुगवून सांगतो, पण 1961 चा कायदा धर्म विचारत नाही आणि नुसती मागणी हाही कलम 4 खाली गुन्हा आहे. दिला म्हणून आपणच अडकू असं वाटत असेल तर कलम 7 मध्ये तक्रार करणाऱ्या पीडित व्यक्तीला संरक्षण आहे.

पुराव्याचं नीट ऐक कारण इथेच सगळे घोळ घालतात. चॅटमधले गायब होणारे मेसेज असतील तर ते सेटिंग आज बंद कर. रागाने ब्लॉक करशील ते ठीक, पण डिलीट काही करायचं नाही, तुला लाज वाटते ते सुद्धा नाही. चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल कर, व्हॉइस नोट वेगळ्या सेव्ह कर, आणि फोन बदलायचा विचार असेल तर सध्या राहू दे, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट द्यावं लागतं आणि मूळ फोन हातात असला की ते सोपं जातं. फोटोंसाठी स्टॉपएनसीआयआय नावाची साइट आहे, फोटो अपलोड न करता तुझ्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि सहभागी कंपन्या तो फोटो वर चढू देत नाहीत. अडचण एकच, तो ठसा बनवायला फोटो तुझ्याकडे असावा लागतो, त्याने धमकी देताना एखादा पाठवला असेल तर तोच वापर. तक्रार नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर किंवा आपल्या मिरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालयाच्या सायबर पोलिसांकडे. 1930 ला फोन कर म्हणून कोणी सांगेल, तो नंबर चांगलाय पण पैसे आत्ता गेलेत आणि खातं लगेच गोठवायचंय अशा वेळी, वर्षभरापूर्वीच्या ट्रान्सफरला त्याचा फारसा उपयोग नाही.

आता ताईंचं बायबल. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात सहाव्या अध्यायात पौल खरंच म्हणतो की भावाने भावाला कोर्टात खेचावं याची लाज वाटू दे. पण तिथेच तो असंही म्हणतो की तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा नाही का, म्हणजे आधी मंडळीने, आपल्या चर्चच्या लोकांनी, न्याय करावा, गप्प बसा असं नाही. आणि हाच पौल स्वतःवर वेळ आली तेव्हा सरळ म्हणाला, मी कैसराकडे, म्हणजे रोमच्या बादशहाकडे, दाद मागतो, प्रेषितांची कृत्ये, अध्याय 25. मत्तय 18 बघ, आधी एकट्याला समजव, मग एकदोन साक्षीदार घेऊन जा, मग मंडळीला सांग. मी पक्षकारांना नोटीस पाठवते ती जवळपास याच क्रमाने, हसू येतं कधी कधी. पैशासाठी तू हाच क्रम धर, हरकत नाही. धमकीसाठी मात्र नाही, तिथे एकट्याने समजवायला जायचंच नाही. आणि माफी मनातून आजच कर हवं तर, माफ केलं म्हणून चार लाख पंच्याऐंशी हजारांचा हिशोब मिटत नाही.

फादरांना भेटशील तेव्हा एक लक्षात ठेव. कन्फेशनमध्ये सांगितलेलं फादर कोणालाही सांगणार नाहीत, कोर्टालाही नाही, त्यामुळे ‘फादरांना सगळं माहितीये’ हा तुझा आधार तिथे चालत नाही. कन्फेशन वेगळं कर आणि पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, ऑफिसमध्ये खुर्चीवर बसून, आईला सोबत घेऊन, पैशाचं आणि धमकीचं वेगळं सांग. तिथेच विनंती कर की लग्नाआधी चर्चमध्ये दोघांची नावं जाहीर वाचतात ते सध्या थांबवा. आणि त्याच्या पॅरिशमधून बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागव, चर्चमध्ये लग्न लागलं की बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर ते लिहिलं जातं, सहा वर्षांपूर्वीचा जुना दाखला दाखवतो त्याचा काही उपयोग नाही. आयर्लंडमधल्या पॅरिशचं लेटर ऑफ फ्रीडम, म्हणजे तो लग्नाला मोकळा असल्याचं पत्र, पण लागेलच, ते आणायला तो गेले आठ महिने टाळाटाळ का करतोय हा माझा प्रश्न आहे. समजा आधीचं लग्न निघालंच, तर 1872 च्याच करार कायद्यात कलम 56 खाली नेमकं हेच उदाहरण छापलंय, आधीच लग्न झालेला माणूस दुसरीला लग्नाचं वचन देतो, तर तिची भरपाई त्याने करायची. कायदा लिहिणाऱ्यांना दीडशे वर्षांपूर्वी सुद्धा असे नग माहीत होते.

या आठवड्यात धमकीची तक्रार, आणि पैशासाठी माझ्याकडून किंवा जवळच्या कुठल्याही वकिलाकडून एक नोटीस, पंधरा दिवसांची मुदत देऊन. नोटीससाठी त्याचा डब्लिनचा पूर्ण पत्ता लागेल. तुझ्या एवढ्या लांब मेलमध्ये तो कुठेच नाहीये, पैसे गेलेत ते सगळे त्याच्या इथल्या खात्यात आणि दोनदा कुठल्याशा मित्राच्या. पत्ता असेल तर पाठव. नसेल तर त्याच्या आईला फोन कर आणि लग्नाची पत्रिका पाठवायचीय म्हणून मागून बघ, काय उत्तर मिळतं ते मला कळव.