वाचकांचे प्रश्न : आधी माप, मग करवत

या वेळच्या टपालात शाळेतील हस्तकाम आणि तंत्रशिक्षणाविषयीचे प्रश्न अधिक होते. त्यांपैकी पाच येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्यांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेत यंदापासून आठवी-नववीसाठी ‘डिझाइन आणि तंत्रज्ञान’ हा तास सुरू झाला आहे. साधनसामग्रीचा शाश्वत वापर आणि अर्गोनॉमिक्स हे दोन घटक त्यात स्वतंत्रपणे नेमलेले आहेत. पहिला घटक मी निबंध आणि भित्तिपत्रकांवर भागवला. दुसऱ्यात ‘पाठ ताठ ठेवा’ यापलीकडे काय सांगावे ते सुचत नाही. पुढच्या सत्रात मुलांकडून प्लायवूडची स्टुले करून घ्यायची आहेत. त्या कामात हे घटक कसे आणावेत?
— एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : ‘पाठ ताठ ठेवा’ हा उपदेश मुळात अर्गोनॉमिक्सच्या उलट्या बाजूचा आहे. त्यात वस्तू जशी आहे तशी गृहीत धरून माणसाला तिच्यापुढे वाकायला किंवा ताठायला सांगितले जाते. अर्गोनॉमिक्स म्हणजे वस्तू माणसाच्या बेताची करणे, आणि एवढे एक वाक्य फळ्यावर लिहून थेट स्टुलाकडे वळलात तरी चालेल. हे दोन घटक अभ्यासक्रमात वेगळे छापलेले असले, तरी कामाच्या टेबलावर ते वेगळे राहत नाहीत, हे मला शिकवायला लागल्यानंतर पहिल्याच वर्षी पुरेसे महागात पडून कळले. आम्ही नववीच्या मुलांकडून चांगल्या सागवानी फळ्यांची स्टुले करून घेतली. उंची अठरा इंच, कारण माझ्याजवळच्या जुन्या आराखड्यात तसे होते. ती पाचवी-सहावीच्या वर्गांना दिली. मुलांचे पाय अधांतरी लोंबत, मांडीखाली कड रुते, पायांना मुंग्या येत, आणि मुले सरळ जमिनीवर बसत. वर्षभरात ती स्टुले अडगळीत गेली. लाकूड उत्तम होते, सांधे पक्के होते, पण वस्तू कुणाच्याच अंगाला येत नव्हती. सागाची त्याहून मोठी नासाडी मी नंतर कधी केली नाही.

म्हणून सुरुवात मापाने करावी. मुलाला टेबलाच्या कडेवर बसवून, मांड्या आडव्या सरळ राहतील असे पाहून, पायांखाली पाट किंवा रद्दीचे गठ्ठे सरकवत तळवे पुरते टेकवावेत आणि तळव्यापासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतची उंची मोजावी. वर्गात चपला-बूट घालून बसत असतील तर तेही घालूनच मोजावे. चाळीस मुलांची चाळीस मापे चढत्या क्रमाने फळ्यावर मांडली की मुले लगेच सरासरी काढू लागतात. तेथे त्यांना थांबवावे. अमेरिकी हवाई दलाने १९५० च्या सुमारास चार हजारांहून अधिक वैमानिकांची अंगमापे घेतली होती. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यांतील दहा मापे निवडून दहाही बाबतींत सरासरीच्या आसपास बसणारे किती आहेत ते पाहिले, तर एकही निघाला नाही. सरासरी माणसासाठी केलेली बैठक कुणासाठीच केलेली नसते, हे नववीच्या मुलांना या गोष्टीतून चटकन पटते.

मग माप धरायचे कोणाचे? बैठकीच्या उंचीसाठी लहान चणीच्या मुलाचे. उंच मूल पाय पुढे पसरू शकते, ठेंगण्या मुलाला मात्र पाय लांबवता येत नाहीत. चाळिसांच्या यादीत खालची दोन मापे सोडून तिसऱ्यापाशी थांबावे, म्हणजे शास्त्रात ज्याला पाचवा शततमक म्हणतात, शंभरांतल्या पाचांचेच माप ज्याच्या खाली असते, त्याच्या जवळ आपण येतो. जागा सामावण्याचा प्रश्न असेल, उदाहरणार्थ टेबलाखाली गुडघे मावण्याचा किंवा बैठकीच्या रुंदीचा, तर यादीच्या वरच्या टोकाकडून मोजत यावे. हात पोचण्याचा प्रश्न असेल तर पुन्हा खालून. हा विचार एकदा बसला की मुले वर्गातली खुंटी, फळा, नळ सगळे तपासू लागतात. तपासू द्यावे. आपल्याकडे शरीरमापांवर झालेले काम नवीन नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भारतीयांची शरीरमापे १९९७ साली प्रसिद्ध केली. तरीही शाळेत मुलांनी मोजलेले माप अधिक मोलाचे, कारण स्टुलावर बसणार तीच आहेत.

आता प्लायवूड. बाजारातला ताव आठ फूट बाय चार फूट, म्हणजे २४४ बाय १२२ सेंटिमीटरचा. बैठक ३० सेंटिमीटर चौरस ठेवली तर लांबीत आठ आणि रुंदीत चार असे बत्तीस तुकडे निघतात. प्रत्येक कापाला करवत ३ मिलिमीटर खाते असे धरले तरी ते बसतात. आता हीच बैठक ३२ सेंटिमीटर करा. लांबीत सात, रुंदीत तीन, एकूण एकवीस. दोन सेंटिमीटरच्या वाढीने अकरा बैठका गेल्या आणि तावाचा चौथ्या हिश्श्याहून मोठा भाग पट्ट्यांच्या रूपाने बाजूला पडला. हे गणित मुलांना आलेखवहीत स्वतः मांडू द्यावे. मी ते सांगून टाकत नाही. कुणीतरी एकजण ‘सर, दोन सेंटिमीटरनं एवढं?’ म्हणून पुन्हा मोजायला बसतोच.

आणि इथेच दोन्ही घटक समोरासमोर येतात. ३० चे गणित कितीही गोड असले, तरी ३० वर बसवते का? त्यासाठी खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन चौकोन, एक ३० चा आणि एक ३२ चा, रद्दीच्या भक्कम गठ्ठ्यांवर ठेवून वर्गातल्या धिप्पाड मुलांना प्रत्येकी दहा मिनिटे बसवावे. स्टुलाला हात नसल्याने थोडे अंग बाहेर आले तरी अडत नाही, असा अनुभव बहुधा येतो. पण नाहीच जमले तर ३२ घ्यावी आणि उरलेल्या पट्ट्यांतून पायांचे आडवे दांडे, कोनाचे आधार असे काय काढता येईल ते कापण्यापूर्वी आराखड्यात दाखवायला लावावे. पुठ्ठा फुकट जातो, ताव जात नाही. कापणीचा आराखडा वहीत तपासून सही झाल्याशिवाय करवतीला हात लावू द्यायचा नाही, एवढा एक नियम मी कडक ठेवत असे.

सांधे शक्यतो स्क्रूचे ठेवावेत. नुसत्या खिळ्यांनी आणि गोंदाने जोडलेले स्टूल डगमगू लागले की टाकून द्यावे लागते, स्क्रूचे मात्र आवळता येते आणि पाय मोडला तर तेवढाच बदलता येतो. एक सूचना विसरू नये. प्लायवूडचे थर ज्या राळेने चिकटवतात तिच्यात फॉर्मल्डिहाइड असते. म्हणून त्याचे तुकडे जळण म्हणून खिचडीच्या चुलीत जाऊ देऊ नयेत. साध्या लाकडाचे तुकडे द्यायला हरकत नाही. गुण देताना अर्धे गुण मापांच्या नोंदी आणि कापणीच्या आराखड्याला द्यावेत, उरलेल्या तुकड्यांचे ताणकाट्यावर वजन करून ते फळ्यावर लिहावे, आणि थोडे गुण तीन महिन्यांनंतरच्या पाहणीसाठी राखून ठेवावेत. स्टूल तेव्हा कुठे आहे, कोण बसते आहे, की त्यावर कुंडी ठेवली आहे, ते मुलांनीच जाऊन पाहावे.

प्रश्न : माझ्या मुलीच्या शाळेत ‘प्रकल्पासाठी’ मुलामुलींच्या अंगाची मापे घेतली जात आहेत. हे आवश्यक आहे का? मुलगी अवघडते आहे.
— एक पालक, ठाणे

उत्तर : मापे आवश्यक आहेत, अवघडणे मुळीच नाही. शाळेतल्या बहुतेक वस्तूंसाठी गुडघ्यामागची उंची, उभ्याने आणि बसल्यावर कोपराची उंची, पुढे हात पोचण्याचे अंतर आणि तळहाताची लांबी-रुंदी पुरते. छाती-कमरेच्या घेराला फीत लावण्याचे आणि वजन फळ्यावर लिहिण्याचे काहीच कारण नाही. बैठकीची रुंदी हवी असेल तर मुलीने बाकावर बसून दोन्ही बाजूंना अंगाला टेकतील अशी दोन जाड पुस्तके उभी ठेवावीत आणि उठल्यावर त्यांच्यामधले अंतर मोजावे. कुणाचा हात लागत नाही. मुलींची मापे मुलींनीच, जोड्या करून घ्यावीत. कागदावर नाव नको, आकडा पुरे. आणि ज्याला द्यायचे नाही त्याने देऊ नये. शिक्षकांशी बोलताना तक्रारीच्या सुरात न बोलता हीच पद्धत सुचवावी, ते बहुधा ऐकतील.

एक गोष्ट मात्र शिक्षकांनीही ध्यानात घ्यावी. वरच्या उत्तरात सांगितलेली, मापांच्या यादीची टोके सोडण्याची युक्ती चाकाच्या खुर्चीवरच्या किंवा फार ठेंगण्या मुलाला यादीबाहेर ढकलण्यासाठी नाही. असे मूल वर्गात असेल तर त्याच्यासाठी निराळी वस्तू करणे हाच त्या सत्राचा सर्वांत चांगला प्रकल्प ठरेल.

प्रश्न : आमच्याकडे दरवर्षी ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रदर्शन भरते. शाश्वत साधनवापर म्हणजे हेच ना?
— एक शिक्षक, जळगाव

उत्तर : बहुतेक वेळा नाही, आणि हे थोडे रोखठोक सांगायला हवे. पाण्याची प्लास्टिक बाटली भंगारवाला किलोवर नेतो आणि तिचे पुढे काहीतरी होते. तीच बाटली कापून, तिच्यावर ऑइल पेंट, टिकल्या, चमकी चिकटवून पेनस्टँड केला की तो भंगारवालाही नेत नाही. आठवडाभराच्या प्रदर्शनानंतर तो कचऱ्यात जातो. टाकाऊ होते, ते अधिक टाकाऊ झाले. कित्येक घरांत तर प्रकल्पासाठी नवी बाटली विकत आणून पाणी ओतून देतात, हे आपल्यालाही ठाऊक असेलच.

कसोटी अशी ठेवावी : या टाकाऊ वस्तूचा कोणता गुण आपण वापरतो आहोत? सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये लवचीकपणा आणि पकड आहे. ती खुरप्याच्या गुळगुळीत मुठीवर ताणून बसवली तर घामाने हात निसटत नाही आणि मूठ थोडी जाड झाल्याने बोटे कमी आवळावी लागतात. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून भूमितीचे आकार करण्याची, टाकाऊ वस्तूंतून विज्ञानखेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची युक्ती याच जातीची आहे. तिथे ट्यूब सांध्याचे काम करते, ती शोभेसाठी नाही. आपली गोधडी पाहा. जुन्या लुगड्यांचा मऊपणा हाच तिचा माल, आणि विरली की वर आणखी एक थर घालून पुन्हा धावदोरा. प्रदर्शन बंद करू नका, पण प्रत्येक वस्तूसमोर ‘हिचा वापर कोण, किती दिवस करणार आणि मोडल्यावर ती कुठे जाणार’ अशी चिठ्ठी लावायला सांगा. निम्म्या वस्तू मुलेच मागे घेतील.

प्रश्न : बांबूच्या वस्तू करायच्या आहेत, पण सहा महिन्यांत भुसा पडू लागतो. आणि तोडीला परवाना लागतो का?
— एक कलाशिक्षक, सिंधुदुर्ग

उत्तर : किडीला बांबूतला स्टार्च हवा असतो. कोवळी काठी आणि पावसाळ्याच्या तोंडावर तोडलेली काठी यांत तो जास्त असतो, म्हणून तीन वर्षे पुरी झालेली काठी पावसाळा सरल्यानंतर कोरड्या दिवसांत तोडावी. आपल्याकडचा माणगा जातीचा बांबू जवळजवळ भरीव आणि बिनकाट्याचा असल्याने मुलांच्या हाताला सोपा आहे. तोडलेल्या काठ्या दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत स्टार्च कमी करण्यासाठीच आहे. त्याहून पक्के हवे असेल तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवतात. ते काम मोठ्यांनी करावे, खाण्याच्या भांड्यांसाठी असा बांबू वापरू नये, आणि पावसात ते द्रावण धुऊन जाते हेही लक्षात ठेवावे. परवान्याचे म्हणाल तर २०१७ च्या दुरुस्तीने वन अधिनियमातील झाडांच्या व्याख्येतून बांबू वगळला आहे, त्यामुळे वनक्षेत्राबाहेर, म्हणजे आपल्या परसात वा बांधावर लावलेला बांबू तोडायला त्या कायद्याखालचा परवाना लागत नाही.

प्रश्न : कार्यशाळेतली टेबले उंच आहेत. आठवीची मुले खांदे वर उचलून काम करतात. पाय कापून घ्यावेत का?
— एक मुख्याध्यापक, अमरावती

उत्तर : कापू नयेत. त्याच टेबलावर दहावीची मुलेही उभी राहतात आणि कापलेला पाय परत येत नाही. उभ्याने कोपर काटकोनात वाकवून जमिनीपासून त्याची उंची घ्यावी. साध्या हलक्या कामाला टेबल कोपरापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली हवे. रंधा मारताना अंगाचा भार पुढे द्यावा लागतो, तेव्हा आणखी खाली, आणि सोल्डरिंगसारख्या नजरेच्या बारीक कामाला उलट कोपराच्या थोडे वर. म्हणजे एक उंची सगळ्या कामांना पुरत नाहीच. लहान मुलांसाठी जुन्या फळ्यांचे, दोन्ही पाय ऐसपैस मावतील आणि मागे सरकले तरी तोल जाणार नाही एवढे रुंद चौथरे करून घ्यावेत. विटांवर उभे करू नये. चौथरे नववीच्या मुलांकडूनच करून घेता येतील. मात्र आठवीच्या मुलांची मापे आधी त्यांच्या हाती द्यावीत.